पिल्लं कुठे आहेत?

फ्लोरिडात ॲलिगेटर मोजायचे ते रात्री. बोटीतून बॅटरीचा झोत पाण्यावर फिरवायचा, तांबडे चमकणारे डोळे टिपायचे आणि डोक्याच्या लांबीवरून जनावर केवढं असेल याचा अंदाज बांधायचा. ऑरलँडो शहराच्या वायव्येला अपॉप्का नावाचं मोठं, उथळ तळं आहे. १९८०च्या दशकात तिथे मोजणी करणाऱ्यांना मोठाले ॲलिगेटर दिसत होते. लहान मात्र दिसेनासे झाले होते. १९८० नंतरच्या काही वर्षांत लहान ॲलिगेटरांची संख्या सुमारे ९० टक्क्यांनी घसरली.

कुणी दुर्बीण घेऊन दिवसा त्या तळ्याच्या काठावर उभं राहिलं असतं, तर त्याला काहीच वावगं वाटलं नसतं. ॲलिगेटर सहज पन्नास वर्षं जगतो. अंड्यांतून एकही पिल्लू बाहेर आलं नाही तरी म्हातारी जनावरं उन्हात पडलेली दिसतच राहतात आणि तळं भरलेलं वाटतं. सरपटणाऱ्या प्राण्यांवर प्रदूषणाचा आणि हवामानाचा काय परिणाम होतो हे समजून घेताना ही गोष्ट सतत लक्षात ठेवावी लागते. घाव बसतो अंड्यात, वाळूत किंवा चिखलात, अवघ्या काही आठवड्यांत. तो दिसतो कैक वर्षांनी, कारण मधली सगळी वर्षं दीर्घायुषी आईबाप त्यावर पांघरूण घालतात.

अपॉप्काचा इतिहास आपल्याकडच्या कितीतरी तळ्यांसारखा आहे. उत्तरेकडची दलदल १९४०च्या दशकात बांध घालून कोरडी केली गेली आणि काळ्या, कसदार मातीत भाजीपाल्याची शेती सुरू झाली. शेतांतलं खत-औषध मिसळलेलं पाणी आणि गावांचं सांडपाणी तळ्यात उतरत राहिलं. निवळशंख पाणी शेवाळाने हिरवं झालं. त्यातच तळ्याजवळच्या टॉवर केमिकल कंपनीत १९८० साली मोठी गळती झाली. तिथे डायकोफॉल हे कोळीनाशक तयार होत असे. डायकोफॉल बनतं डीडीटीपासून आणि त्यात डीडीटी व त्याची भावंडं अशुद्धी म्हणून उरतात. पुढे ती जागा अमेरिकी सरकारच्या अतिविषारी स्थळांच्या यादीत गेली.

एकट्या गळतीवर खापर फोडून मोकळं होता येत नाही, हे इथेच सांगायला हवं. शेतांतून दशकानुदशकं येणारी कीटकनाशकं तळ्यात होतीच. त्याचा पुरावा फार क्रूर पद्धतीने मिळाला. १९९०च्या दशकाच्या अखेरीस सरकारने ती शेतं विकत घेऊन पुन्हा पाण्याखाली आणली. पक्षी परततील ही आशा होती. ते परतले, आणि १९९८-९९च्या हिवाळ्यात शेकडोंनी मेले. त्यांत पांढरे पेलिकन सर्वांत जास्त होते. मातीत मुरलेलं टॉक्झाफिन, डिल्ड्रिन आणि डीडीटी माशांमार्फत त्यांच्या पोटात गेलं होतं.

या तळ्याकडे पाहण्याची सगळ्या जगाची दृष्टी बदलली ती लुई गिलेट यांच्यामुळे. फ्लोरिडा विद्यापीठातले हे प्राणिशास्त्रज्ञ मूळचे सरपटणाऱ्या प्राण्यांच्या प्रजननाचे अभ्यासक. ॲलिगेटर हा फ्लोरिडात राखीव वन्यप्राणीही आहे आणि कातड्यासाठी पाळला जाणारा प्राणीही. रानातल्या घरट्यांमधली अंडी पालनकेंद्रांना देताना कुठल्या तळ्यातली अंडी नीट उबतात हे राज्याच्या वन्यजीव खात्याला हवं होतं. अपॉप्काची बहुतेक अंडी उबतच नव्हती, आणि उबली तरी बरीचशी पिल्लं लगेच मरत होती. गिलेट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अपॉप्काची अंडी आणि तुलनेने स्वच्छ अशा वुड्रफ तळ्याची अंडी आणली आणि जगलेल्या पिल्लांच्या रक्तातली संप्रेरकं मोजली.

१९९४ साली प्रसिद्ध झालेले निष्कर्ष असे होते: सहा महिन्यांच्या अपॉप्काच्या माद्यांत ईस्ट्रोजेन वुड्रफच्या माद्यांपेक्षा जवळजवळ दुप्पट. त्यांच्या अंडाशयांत एकाच पुटकात अनेक बीजपेशी, एकाच बीजपेशीत अनेक केंद्रकं. नरांमध्ये टेस्टोस्टेरॉन तुलनेने अगदी कमी, वृषणांची रचना विस्कटलेली. दोन वर्षांनी आलेल्या दुसऱ्या अभ्यासात अपॉप्काच्या किशोर नरांचं शिश्न सरासरी २४ टक्के लहान आणि टेस्टोस्टेरॉन ७० टक्के कमी आढळलं.

वर्तमानपत्रांनी या शेवटच्या आकड्याचा तमाशा केला. मला त्याहून फार मोठी वाटते ती पहिली गोष्ट. सहा महिन्यांच्या त्या माद्यांना काहीही होत नव्हतं. त्या खात होत्या, पोहत होत्या, वाढत होत्या. विषबाधेची जी लक्षणं आपण शोधतो त्यांपैकी एकही त्यांच्यात नव्हतं. तोवरचं विषशास्त्र मुख्यतः एकच प्रश्न विचारत होतं: किती मात्रेने प्राणी मरतो किंवा त्याला कर्करोग होतो? अपॉप्काच्या पिल्लांनी दाखवलं की मरण्याच्या कितीतरी अलीकडे, अतिशय अल्प मात्रेत, एखादं रसायन शरीराच्या घडणीत हात घालू शकतं आणि घडण एकदा चुकली की ती आयुष्यभर तशीच राहते.

हा हात घातला जातो कसा, तेही त्याच सुमारास उलगडत होतं. डीडीटी शरीरात मोडून डीडीई तयार होतं. ते चरबीत विरघळतं, पाण्यात नाही, त्यामुळे लघवीवाटे निघून जात नाही; वर्षानुवर्षं चरबीत साठत जातं. मादी अंडी घालायच्या तयारीला लागली की स्वतःची चरबी वितळवून बलक तयार करते. बलक ही आईने पिल्लाला बांधून दिलेली शिदोरी, आणि तिच्याबरोबर आईने जमवलेलं डीडीईही पिल्लाच्या वाट्याला येतं. १९९५ साली असं दिसून आलं की डीडीई पुरुषी संप्रेरकांच्या ग्राहकाला जाऊन चिकटतं आणि तो अडवून धरतं. काही दुसरी रसायनं ईस्ट्रोजेनचं सोंग घेतात. अशा रसायनांसाठी ‘अंतःस्रावी व्यत्ययकारक’ हा शब्दप्रयोग १९९१ साली विस्कॉन्सिनमधल्या विंगस्प्रेड इथल्या एका परिषदेतून रूढ झाला होता. अपॉप्काच्या ॲलिगेटरांनी त्याला हाडामांसाचं उदाहरण दिलं.

पण मग एक प्रश्न उरतो. ही रसायनं पक्ष्यांच्या आणि सस्तन प्राण्यांच्या शरीरातही जातात. मग सरपटणारे प्राणीच इतके हळवे का?

त्याचं उत्तर शोधायला सेनेगलमध्ये जावं लागतं. डकारमध्ये काम करणाऱ्या मादलेन शार्निए या फ्रेंच संशोधिकेने १९६६ साली अगामा सरड्याच्या अंड्यांवरचा एक छोटा शोधनिबंध प्रसिद्ध केला. वेगवेगळ्या तापमानाला उबवलेल्या अंड्यांतून नर-मादींचं प्रमाण वेगवेगळं येत होतं. आपल्याला शाळेत शिकवतात की नर की मादी हे गुणसूत्रं ठरवतात, फलनाच्या क्षणी, कायमचं. शार्निए सांगत होत्या की या सरड्यात ते नंतर ठरतं, आणि ठरवते ती माती. त्या निबंधाकडे बरीच वर्षं फारसं कुणी लक्ष दिलं नाही. क्लोद पियो यांनी १९७०च्या दशकाच्या सुरुवातीला कासवांवर तेच दाखवलं, आणि मग पुरावे येतच गेले: बहुतेक कासवं, ॲलिगेटरसकट सगळ्या जातींच्या मगरी, न्यूझीलंडचा तुआतारा, अनेक सरडे आणि पाली. सापांत मात्र हे काम गुणसूत्रंच करतात.

नियम सगळीकडे एक नाही. समुद्री कासवांत गार वाळूत नर, गरम वाळूत माद्या. मधली सीमा साधारण २९ अंश सेल्सिअसच्या आसपास. तुआताराचं उलटं, उबेला नर. मगरींत दोन्ही टोकांना माद्या आणि मधल्या अरुंद पट्ट्यात नर. आपल्या मगरीचा हा अभ्यास चेन्नईजवळच्या मद्रास क्रोकोडाइल बँकेत जेफ्री लँग, हॅरी अँड्र्यूज आणि रोम्युलस व्हिटेकर यांनी केला. २८ ते ३१ अंशांवर स्थिर ठेवलेल्या अंड्यांतून फक्त माद्या आल्या, ३२.५ अंशांवर फक्त नर; त्याच्या थोडं अलीकडे-पलीकडे दोन्ही. म्हणजे दीड अंशाच्या फरकाने अख्ख्या घरट्याचं लिंग पालटतं. नदीकाठी खोदलेलं घरटं झाडाच्या सावलीत आहे की उघड्या उतारावर, एवढ्याशा गोष्टीवर पुढच्या पिढीची विभागणी अवलंबून असते.

अंड्यातल्या गर्भाची जननग्रंथी सुरुवातीला अनिश्चित असते. तिचं अंडाशयही होऊ शकतं आणि वृषणही. उबवणीच्या मधल्या तृतीयांशात निर्णय होतो. कासवात उष्णता वाढली की अरोमाटेज नावाचं विकर तयार होतं, ते पुरुषी संप्रेरकाचं ईस्ट्रोजेनमध्ये रूपांतर करतं आणि ग्रंथी अंडाशयाच्या वाटेला लागते. तळ्यात राहणाऱ्या लाल कानाच्या कासवावर २०१८ साली झालेल्या अभ्यासाने याचीही मागची कडी दाखवली: गार तापमानात केडीएम६बी हे जनुक जागं होतं आणि ते डीएनएवरच्या प्रथिनांची एक रासायनिक खूण पुसून वृषण घडवणाऱ्या दुसऱ्या जनुकाची वाट मोकळी करतं.

आता वरच्या प्रश्नाचं उत्तर समोर येतं. सस्तन प्राण्यात हा निर्णय सुरू करणारी कळ वाय गुणसूत्रावरच्या जनुकाकडे असते. कासवात आणि मगरीत तोच निर्णय ईस्ट्रोजेनच्या हाती आहे, आणि ईस्ट्रोजेनचं सोंग घेणारं रसायन थेट त्या निर्णयाच्या खोलीत शिरू शकतं. टेक्सास विद्यापीठात डेव्हिड क्रूज आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हे १९९४ साली करून दाखवलं. प्रयोग विलक्षण साधा होता. लाल कानाच्या कासवाची अंडी नर निर्माण करणाऱ्या गार तापमानाला ठेवली आणि कवचावर पीसीबी या औद्योगिक रसायनांचे वेगवेगळे प्रकार नुसते लावले. दोन प्रकारांनी गर्भाचा रस्ता बदलला. नर व्हायची ती पिल्लं माद्या झाली. ते दोन एकत्र लावले तर प्रत्येकाची फार कमी मात्राही पुरेशी ठरली. गर्भापर्यंत पोचलेला संदेश उष्णतेचा आहे की रसायनाचा हे त्याला कळायला मार्गच नसतो. नियामक संस्था एकेका रसायनाची सुरक्षित मर्यादा स्वतंत्रपणे ठरवतात. नदीतल्या अंड्याला मात्र सगळी रसायनं एकदम भेटतात आणि वर त्या वर्षीचा उन्हाळाही.

तो उन्हाळा काय करतो हे ऑस्ट्रेलियाच्या ग्रेट बॅरिअर रीफवर दिसलं. रीफच्या उत्तर टोकाला रेन नावाचं चिमुकलं बेट आहे. हिरव्या समुद्री कासवांची जगातली सर्वांत मोठी वीण तिथे होते. तिथून निघालेल्या कासवांचं लिंग संशोधकांनी चरण्याच्या जागी, समुद्रातच तपासलं. लहान कासव बाहेरून पाहून नर की मादी ते सांगता येत नाही, म्हणून रक्तातली संप्रेरकं पाहिली आणि जनुकांवरून कुठलं कासव कुठल्या किनाऱ्याचं ते ओळखलं. २०१८ साली आलेले आकडे असे: उत्तरेकडच्या प्रौढ कासवांत सुमारे ८७ टक्के माद्या, पौगंडावस्थेतल्या आणि लहान कासवांत ९९ टक्क्यांहून जास्त. दक्षिणेकडच्या तुलनेने गार किनाऱ्यांवरच्या कासवांत हेच प्रमाण ६५ ते ६९ टक्के.

वयानुसार आकडे कसे चढत गेले ते पाहा. हे एकाच किनाऱ्याच्या वाळूचं काही दशकांचं तापमानच आहे, जिवंत प्राण्यांत नोंदलेलं. आणि रेन बेटावर उतरणाऱ्या माद्यांची नुसती गर्दी पाहिली तर सगळं आलबेल आहे, उलट भरभराट चालू आहे असंच वाटेल. याचा अर्थ उद्याच वंश बुडेल असा नाही. नर कासव मादीपेक्षा जास्त वेळा विणीला येतं आणि एक नर अनेक माद्यांना पुरतो, त्यामुळे थोडे नरही बराच काळ गाडं ओढतात. पण नव्याण्णव टक्के हा आकडा ‘थोडे नर’ या शब्दांत बसवणं कठीण आहे. शिवाय वाळू आणखी तापली की प्रश्न लिंगाचा उरत नाही. अंडी घरट्यातच मरतात, आणि जी पिल्लं निघतात ती लहान आणि पोहायला कमजोर असतात.

ऑस्ट्रेलियाच्या कोरड्या अंतर्भागातल्या दाढीवाल्या ड्रॅगन सरड्याची गोष्ट आणखी विचित्र आहे. याला लिंगगुणसूत्रं आहेत. पण अंडी ३२ अंशांच्या वर तापली तर गुणसूत्रांनी नर असलेले गर्भ माद्या होतात. क्लेअर होलेली आणि सहकाऱ्यांनी २०१५ साली दाखवलं की हे रानातही घडतं आहे. अशा माद्या सुदृढ असतात, नेहमीच्या माद्यांपेक्षा जास्त अंडी घालतात. मात्र त्यांचा नराशी संयोग झाला की संततीत मादीचं गुणसूत्र उरतच नाही आणि त्या पिल्लांचं लिंग पूर्णपणे तापमानावर ठरतं. उत्क्रांतीने लाखो वर्षांत उभी केलेली व्यवस्था एका पिढीत, काही उष्ण आठवड्यांनी मोडीत निघते.

आता म्हातारपणाकडे वळू, कारण ही सगळी गोष्ट तिथेच जाऊन गुंतते.

कासवं फार जगतात हे आपल्याला पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक आहे. २०२२ साली ‘सायन्स’ या नियतकालिकात आलेल्या दोन मोठ्या अभ्यासांनी त्याला आकडे दिले. एकात सरपटणाऱ्या आणि उभयचर अशा ७७ जातींची रानातली नोंद होती. दुसऱ्यात प्राणिसंग्रहालयांतल्या कासवांच्या ५२ जाती, आणि त्यांपैकी सुमारे तीन चतुर्थांश जातींत वार्धक्य अत्यंत संथ किंवा जवळजवळ नसल्यासारखं आढळलं. म्हणजे ही कासवं मरत नाहीत असं नव्हे. वय वाढलं म्हणून त्यांची मरण्याची शक्यता वाढत जात नाही. प्रजननाचंही तसंच. न्यूझीलंडच्या इनव्हरकार्गिल इथल्या संग्रहालयातला हेन्री नावाचा तुआतारा २००९ साली अकरा पिल्लांचा बाप झाला, तेव्हा त्याचं वय अंदाजे १११ मानलं जात होतं.

असं आयुष्य हा एक सौदा असतो. दरवर्षी बहुतेक अंडी आणि पिल्लं वाया जाणार, कोल्हे-कुत्रे-पक्षी खाणार, पण आई पन्नास वर्षं अंडी घालत राहील आणि त्यातून दोन-चार तरी तगतील. एखादं वाईट वर्ष, एखादा दुष्काळ, एखादा पूर पचवायला ही रीत उत्तम. पण दरवर्षीच वाळू तापलेली असेल आणि दरवर्षीच बलकात विष असेल, तर वाट पाहून उपयोग नाही. उलट आई जितकी जास्त जगते तितकी तिच्या चरबीतली आणि मांसातली साठवण वाढायला सवड मिळते. ज्या दीर्घायुष्याने या प्राण्यांना कोट्यवधी वर्षं तारलं, तेच इथे त्यांच्यावर उलटतं. तुआताराला उष्णतेने नरच नर होण्याचा धोका आहे. त्याच्या एका बेटावरच्या वस्तीबद्दल २००८ साली केलेल्या अंदाजानुसार २०८०च्या दशकात तिथे फक्त नर पिल्लं जन्मतील. आजचे तुआतारा त्यानंतरही कितीतरी वर्षं जिवंत असतील.

आणि खुद्द म्हातारपणही बदलू शकतं. फ्रान्समध्ये संशोधकांनी सामान्य सरड्याला मोठमोठ्या बंदिस्त कुरणांत दोन अंश जास्त उबेत वाढवलं. पिल्लं झपाट्याने वाढली, लवकर वयात आली, लवकर व्याली. आणि प्रौढ लवकर मेले. त्याच देशाच्या मासिफ सेंत्राल डोंगररांगेत, जिथे तापमानवाढीने याच सरड्याच्या वस्त्या विरत चालल्या आहेत, तिथे नवजात पिल्लांच्या गुणसूत्रांची टोकं तपासली गेली. या टोकांना टेलोमिअर म्हणतात. वय वाढतं तशी ती झिजतात. विरत चाललेल्या वस्त्यांतल्या पिल्लांची टोकं जन्मतःच आखूड होती. आईबापांच्या अंगावर पडलेला ताण त्यांच्या गुणसूत्रांच्या टोकांवरून पिल्लांत उतरला होता. जन्माच्या दिवशीच वयस्क असलेली ही पिल्लं बघून लहानपण, प्रजनन आणि वार्धक्य असे वेगवेगळे कप्पे करण्यात अर्थ राहत नाही.

आपल्याकडे बघू. डीडीटीचा शेतीतला वापर भारताने १९८९ साली बंद केला, डासांच्या नियंत्रणासाठी मात्र तो पुढे कितीतरी वर्षं चालू राहिला. अपॉप्कातलं डायकोफॉल जागतिक स्टॉकहोम करारात २०१९ साली वर्ज्य ठरलं. आपण त्यावर २०२३ साली बंदी घातली. तोवर ते आपल्या कपाशीवर, चहावर, भाज्यांवर फवारलं जात होतं. बंदीच्या तारखेला ही रसायनं नदीच्या गाळातून उठून जात नाहीत. आपल्या मगरी राहतात त्या सांगलीजवळच्या कृष्णेत उसाच्या मळ्यांचं पाणी उतरतं. महाडची सावित्री आणि चिपळूणची वाशिष्ठी या नद्यांतही मगरी आहेत आणि दोन्हींच्या खोऱ्यांत रासायनिक कारखान्यांच्या वसाहती आहेत. मगर दिसली की बातमी होते, व्हिडिओ फिरतो, मोठं जनावर आहे म्हणून नदी जिवंत आहे असं समाधान वाटतं. मला त्या नदीकाठच्या घरट्यांची मोजणी हवी आहे: किती अंडी घातली, किती उबली, पहिल्या पावसानंतर किती पिल्लं तरली आणि न उबलेल्या अंड्यांच्या बलकात काय होतं. न उबलेलं अंडं तपासायला एकाही जिवंत प्राण्याला हात लावावा लागत नाही.

किनाऱ्यावर काम पुढे गेलं आहे. मंडणगड तालुक्यातल्या वेळास गावात चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेने आणि गावकऱ्यांनी २००२ सालापासून ऑलिव्ह रिडले कासवांची घरटी राखायला सुरुवात केली. पूर्वी ही अंडी काढून खाल्ली किंवा विकली जायची. उरलेली कोल्ही-कुत्री उकरायची. आता कासवमित्र पहाटे माग काढत जातात, अंडी उचलून कुंपण घातलेल्या जागेत तितक्याच खोल खड्ड्यात पुरतात आणि पिल्लं निघाली की समुद्रात सोडतात. हे लोण रत्नागिरी, रायगड, सिंधुदुर्गच्या कितीतरी गावांत पसरलं. पिल्लांचा आकडा शून्यावरून हजारांवर गेला तो या माणसांच्या पहाटेच्या पायपिटीमुळे.

मात्र अंडी हलवणं म्हणजे नकळत त्यांचं तापमान हाती घेणं. टोरांटो विद्यापीठाच्या निकोलस म्रोसोव्हस्की यांनी १९८०च्या सुमारासच जगभरच्या संवर्धकांना सावध केलं होतं की थर्माकोलच्या खोक्यांत उबवलेली अंडी वाळूपेक्षा गार राहतात आणि नरच नर बाहेर पडण्याची शक्यता असते. त्याचा अनुभव टेक्सासमध्ये आला. ऑलिव्ह रिडलेची जवळची नातलग केम्प्स रिडले ही जात १९८०च्या दशकात नामशेष व्हायच्या उंबरठ्यावर होती. मेक्सिकोतून तिची अंडी पाड्रे बेटावर आणून खोक्यांत उबवत. पहिल्या काही वर्षांत उबवलेल्यांत नरांचाच भरणा असल्याचं लक्षात आलं, आणि १९८५ सालापासून उबवणीचं तापमान मुद्दाम वाढवलं गेलं, म्हणजे माद्या येतील. वंश वाचवायला निघालेल्या माणसांनी मध्यंतरी मुख्यतः अंडी न घालणारे नरच निर्माण केले होते.

कोकणात धोका आज उलट बाजूचा आहे. नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये पुरलेली अंडी थंडीत वाढतात. मार्चमध्ये पुरलेली एप्रिलच्या तापलेल्या वाळूत. उघड्या जागेवर, सुरूच्या किंवा केवड्याच्या सावलीबाहेर केलेल्या कुंपणात हंगामाच्या शेवटच्या घरट्यांतून जवळजवळ फक्त माद्या येतील, आणि फार तापलं तर काहीच येणार नाही. हिरवी जाळी अंथरून सावली करणं, गरज पडली तर वाळूवर पाणी शिंपडणं हे उपाय सोपे आहेत. ऑस्ट्रेलियातही सावलीचे आणि समुद्राचं पाणी शिंपडण्याचे प्रयोग झाले आहेत. पण सगळ्याच घरट्यांवर जाळी टाकली तर आपणही पाड्रे बेटाचीच चूक करू. थंडीतल्या घरट्यांना सावली नको, उन्हाळ्यातल्यांना हवी, आणि किती हवी ते वाळूत पुरलेल्या तापमापकाने सांगायला हवं.

जुन्या हंगामांचा हिशोबही लावता येईल. कासवाचं अंडं उबायला लागणारे दिवस तापमानावर ठरतात: वाळू गार तर दिवस जास्त आणि नर जास्त, वाळू गरम तर दिवस कमी आणि माद्या जास्त. ऑलिव्ह रिडलेच्या बाबतीत हा काळ साधारण ४५ ते ६० दिवसांचा. कोकणातल्या कुंपणात प्रत्येक घरट्यापाशी अंडी घातल्याची तारीख आणि अंड्यांची संख्या लिहिलेली पाटी असते, आणि पिल्लं कधी निघाली ते वहीत जातं. ज्या गावांनी अशा वह्या जपून ठेवल्या असतील, त्यांच्याकडे त्या किनाऱ्याने कोणत्या साली नर जास्त दिले आणि कोणत्या साली माद्या, याचा बऱ्यापैकी अंदाज कागदावर आहेच. ऑलिव्ह रिडले वयात यायला दहा-पंधरा वर्षं घेते. वेळासला सुरुवातीच्या हंगामांत सुटलेल्या माद्या आता अंडी घालण्याच्या वयाच्या आहेत. त्या वह्या एकत्र करून गावोगावच्या तारखा एका तक्त्यात मांडण्याचं काम एखाद्या महाविद्यालयाच्या प्राणिशास्त्र विभागाला एका वर्षात करता येईल.